एक्स-रेत न दिसणारी गुडघेदुखी

गुडघ्याची झीज किती झाली हे ठरवायला डॉक्टर आजही केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली मांडलेली प्रतवारी वापरतात. शून्य म्हणजे निरोगी सांधा. चार म्हणजे दोन हाडांमधली फट जवळजवळ संपलेली आणि हाडांचा आकारही बदललेला. माझ्या दोन्ही गुडघ्यांना दोन नंबर मिळाला होता. कडेला हाड वाढून काटे आलेले, फट झालीच असेल तर किंचित कमी. "वयाप्रमाणे आहे, काळजीचं काही नाही," असं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या, लावायचं मलम आणि 'वजन कमी करा' एवढं लिहून दिलं.

तेव्हा माझं वय छप्पन्न. साताऱ्यात मंगळवार तळ्याच्या बाजूला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. तळमजल्यावर माझं पोळी-भाजी केंद्र आहे. सकाळी उतरताना मी दोन्ही हातांनी कठडा धरायची आणि आडवी होऊन एकेक पायरी उतरायची. एकदा खाली आले की रात्रीपर्यंत वर जायचं नाही, म्हणून दुपारचं जेवण केंद्रातच व्हायला लागलं होतं. जमिनीवर बसले तर उठवायला कुणीतरी लागायचं. रात्री कूस बदलताना कळ येऊन जाग यायची ती पुन्हा झोप लागायचीच नाही. हे सगळं दोन नंबरात कसं बसतं, हा प्रश्न घेऊनच मी त्या दवाखान्यातून बाहेर पडले.

हा प्रश्न पडायला एक कारण घरातच होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, लोणंदजवळच्या खेड्यात राहतात. माझ्याहून बऱ्याच मोठ्या. आदल्या वर्षी बांधावरून घसरून पडल्या म्हणून त्यांचा 'फोटो' काढला होता. हाड मोडलेलं नव्हतं, पण दोन्ही गुडघे चार नंबरचे निघाले. पाय गुडघ्यातून बाहेरच्या अंगाला वाकलेले आहेत हे तर नुसतं बघूनही कळतं. आणि या अक्का दर आषाढात माउलींची पालखी लोणंदला आली की गावच्या दिंडीबरोबर निघतात. तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी करत पंढरपूरला पोचतात. गुडघे दुखत नाहीत का विचारलं तर म्हणाल्या, "दुकत्यात की गं. सकाळी उठलं की आखडल्यालं असतंय. चार पावलं टाकली की मोकळं हुतंय."

म्हणजे फट संपलेली बाई वारी करते आणि फट शाबूत असलेली बाई जिना उतरू शकत नाही. हे मला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

ते सांगितलं एका सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी. वयानं माझ्या मुलीएवढ्या. पहिल्या दिवशी त्यांनी बराच वेळ माझ्या गुडघ्याला हातही लावला नाही. आधी एक प्रश्नावली भरून घेतली. कॅनडात तयार झालेली 'वोमॅक' नावाची ही प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात चोवीस प्रश्न असतात: दुखण्याबद्दल पाच, आखडण्याबद्दल दोन आणि उरलेले सतरा रोजच्या हालचालींबद्दल. जिना चढताना किती त्रास, उतरताना किती, खुर्चीतून उठताना, खाली वाकताना, बाजारहाट करताना, अंथरुणातून उठताना. त्यांत मोजे घालण्या-काढण्याचेही प्रश्न आहेत. त्यांच्या जोडीला मॅडमनी आपल्याकडचे विचारले. मांडी घालून किती वेळ बसता? उकिडवं बसता येतं का? घरात शौचालय कोणतं आहे? कणीक कुठे बसून मळता?

माझी उत्तरं बघून त्या म्हणाल्या, "काकू, तुमचं नुसतं दुखणं आणि तुमची अडलेली कामं या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या धरणार आहे." हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पुढे कळलं. दुखणं थोडंसं असूनही माणूस हलायचा थांबू शकतो आणि बरंच दुखत असतानाही हलता राहू शकतो. दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात, पण दोघांची कारणं तंतोतंत सारखी नसतात.

मग प्रश्न आले ते मला अनपेक्षित होते. झोप किती तास लागते? साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट कधी केला होता? पूर्वी कुठे जायचात तिथे आता जात नाही असं काही आहे का? आणि शेवटी, "गुडघ्यात कळ आली की त्या क्षणी मनात काय येतं?" मी खरं ते सांगितलं. मनात येतं की हा गुडघा आता गेला, केंद्र बंद करावं लागणार, आपण कुणावर तरी पडणार. "हा विचार रात्रीही येतो?" मी हो म्हटलं, आणि मला राग आला. दुखणं मनाचं आहे असं ही पोरगी सुचवते आहे की काय, असं वाटलं. तसं मी विचारलंसुद्धा.

त्यांनी कागद घेतला आणि गुडघ्याचं चित्र काढलं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात मुळात मज्जातंतूच नसतात. त्यामुळे नुसती कूर्चा झिजल्यानं दुखत नाही. दुखतं ते तिच्या खालच्या हाडात, सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज आली की त्या अस्तरात, आणि आजूबाजूच्या आवरणात, स्नायूंच्या जोडांत. साध्या एक्स-रेत यातलं बरंचसं येत नाही. हाडातली सूज एमआरआयमध्ये दिसते, एक्स-रेत दिसत नाही. पुढे तिथून निघालेला संदेश मणक्यातून मेंदूपर्यंत जातो, आणि महिनोन् महिने तेच चालू राहिलं की हा सगळा मार्ग हळवा होतो. मी पोळी-भाजीवाली, म्हणून त्यांनी माझ्याच भाषेत सांगितलं: तोंड आलेलं असेल तर रोजचीच आमटी झोंबते, मिरची तेवढीच असते. अपुरी झोप, सततची काळजी, उदासपणा यांनी हा हळवेपणा वाढतो. दुखणं शंभर टक्के खरं असतं.

एक्स-रे निरुपयोगी आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, हेही लिहायला हवं. खूप माणसं एकत्र पाहिली तर जास्त झिजेबरोबर जास्त दुखणं सापडतंच. पण एकट्यादुकट्या माणसाचा एक्स-रे बघून त्याला किती दुखत असेल हे सांगता येत नाही.

त्यानंतर चाचण्या झाल्या. एक खुर्चीची. हात छातीशी घडी करून ठेवायचे आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उठून बसता येईल तितक्या वेळा उठायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद कमी धरतात. मी त्या वयाच्याही अलीकडची होते, आणि निम्म्यावर येऊन थांबले. दुसरी, खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं, याला लागणारा वेळ. मग टेपनं दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. जास्त दुखणाऱ्या उजव्या पायाची मांडी डावीपेक्षा बारीक भरली. मला हे इतकी वर्षं दिसलं नव्हतं. साडीत कुठे दिसणार?

मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा चौपदरी स्नायू हा गुडघ्याचा खरा राखणदार आहे. पाऊल टेकताना बसणारा धक्का तोच झेलतो. जिना किंवा उतार उतरताना तर तो ताणला जात असतानाच शरीराला आवरून धरत असतो, म्हणून गुडघेदुखीवाल्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. सातारा सगळा चढउतारांचा. मला राजवाड्याकडे जाताना एवढं वाटायचं नाही, परतीच्या उतारावर रडू यायचं, त्याचं कारण हे होतं. आणि यात आणखी एक गोम आहे. सांधा दुखला किंवा त्यात पाणी झालं की मज्जासंस्था स्वतःहूनच या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. मग स्नायू बारीक होत जातो, धक्का सांध्यावर जास्त येतो, आणखी दुखतं, आपण आणखी कमी हलतो. एक्स-रे मात्र दोन नंबरवरच असतो.

अक्कांचं कोडं मला इथे अर्धंअधिक सुटलं. त्यांचे गुडघे आयुष्यभराच्या खुरपणीनं, भांगलणीनं झिजले असणार. तासन् तास उकिडवं बसणं आणि ओझी वाहणं यांनी गुडघ्याची झीज वाढते. पण त्याच शेतानं त्यांच्या मांड्या भक्कम ठेवल्या. अंगानं सडपातळ, साखर नाही, रात्री नऊला झोपतात. आणि चाललं की मोकळं होतं, हा त्यांचा पक्का अनुभव आहे. माझी समजूत बरोबर उलटी झाली होती. आमच्या इमारतीत प्रत्येक जण सांगायचं, "जिना कमी करा काकू, आहेत ते गुडघे जपून वापरा." सगळे मायेनंच सांगायचे. पण कूर्चेला रक्तपुरवठा नसतो. चालताना दाब पडतो आणि सुटतो, तेव्हाच सांध्यातलं द्रव तिच्यात झिरपतं आणि तिला पोषण मिळतं. पूर्ण विश्रांतीनं गुडघा जपला जात नाही.

भीतीबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण याबद्दल आपल्यात कुणी बोलत नाही. भजनी मंडळात जाणं मी सोडलं होतं. कारण विचारलं तर 'वेळ नाही' सांगायची. खरं असं की तिथे सतरंजीवर बसावं लागतं आणि चारचौघींसमोर उठता आलं नाही तर काय, ही धास्ती. लग्नाकार्याला गेले तरी खुर्ची कुठे आहे हे आधी बघायची. बाजारातली मोठी खरेदी दुसऱ्यावर सोपवली होती. यातल्या प्रत्येक गोष्टीबरोबर दिवसातली शे-दोनशे पावलं गेली, चार माणसांशी बोलणं गेलं, आणि राहिला फक्त गुडघा. दिवसभर त्याच्याकडेच लक्ष. संशोधनात याला हालचालीची भीती म्हणतात आणि ती मोजायच्याही प्रश्नावल्या आहेत. ज्यांना ही भीती जास्त, त्यांच्या हालचाली जास्त आक्रसतात, झीज कितीही असो. मला हे वाचायला नाही, जगायला मिळालं.

व्यायाम सुरू झाले ते अगदी साधे होते. पाय सरळ पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती दाबून धरायची. उताणं झोपून एक पाय सरळ ठेवून उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, कारण कमरेच्या बाजूचे स्नायू कमकुवत असले की चालताना तोल गुडघ्यावर येतो. नंतर घोट्याला वजनाची पट्टी बांधून खुर्चीत बसून पाय सरळ करायचा. आणि खुर्चीतून उठणं-बसणं, आधी उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीतून, मग उशी काढून. पायरीचा सराव आमच्या घरातल्या लाकडी पाटावर झाला.

दुखलं तर थांबायचं का, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. त्याचं उत्तर मॅडमनी आकड्यांत दिलं, आणि मला वाटतं सगळ्या उपचारात हीच गोष्ट सर्वांत मोलाची ठरली. शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरायची. दोनपर्यंत दुखणं बिनघोर. पाचपर्यंत चालेल. पाचच्या वर गेलं तर व्यायाम हलका करायचा, सोडायचा नाही. आणि चोवीस तासांत दुखणं व्यायामाआधीच्या पातळीवर परत आलं पाहिजे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघे आणि खुब्याच्या रुग्णांसाठी जो व्यायामाचा कार्यक्रम चालतो, त्यातही अशीच पट्टी वापरतात. या पट्टीमुळे प्रत्येक कळ म्हणजे नवं नुकसान, हे माझ्या मनातून हळूहळू गेलं. तीन नंबरची कळ आली तर मी मनात 'तीन' म्हणायची आणि पुढचा पाय उचलायची.

वजनाचं सगळेच सांगतात, पण हिशेब कुणी सांगत नाही. गुडघेदुखी असलेल्या जाड व्यक्तींवरच्या एका अमेरिकी अभ्यासात २००५ साली असं दिसलं की शरीराचं वजन जेवढं उतरतं, त्याच्या चौपट भार प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरून उतरतो. एक किलो गेला की प्रत्येक पावलाला चार किलो. त्याच संशोधकांच्या २०१३ सालच्या दीड वर्षाच्या अभ्यासात नुसता आहार किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं अधिक कमी झालं. शिवाय चरबी नुसती ओझं म्हणून बसून राहत नाही, तिच्यातून सूज वाढवणारी रसायनं रक्तात जातात. म्हणून तर जाड माणसांत हाताच्या बोटांचे सांधेही जास्त झिजतात, आणि बोटांवर कुणी चालत नाही. माझं वजन सावकाश उतरलं, अजून उतरायचं आहे. चव बघण्याच्या निमित्तानं दिवसभर तोंडात काही ना काही जायचं, ते बंद केलं आणि रात्रीची जेवणाची वेळ अलीकडे आणली.

झोपेचं जास्त अवघड होतं. केंद्रासाठी पहाटे चारला उठायचं आणि हिशेब करून झोपायला अकरा. शेवटी पहाटेची भाजी चिरायचं काम माझ्याकडच्या दोघींवर सोपवलं. त्या म्हणाल्या, "काकू, आम्ही कधीपासून म्हणतोय." साखरेचा रिपोर्ट केला, तो चढाच आला. मधुमेह असलेल्यांना सांध्याचं दुखणं जास्त जाणवतं असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे, त्यामुळे ती औषधंही नव्यानं ठरवून घेतली.

केंद्रातही बदल केले. पोळ्या लाटायला आम्ही खाली बसायचो, तिथे ओट्याच्या उंचीचं टेबल आणि उंच स्टूल आणलं. घरी कमोड बसवला. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की आता आठवावं लागत नाही. उतारावर काही महिने काठी वापरली. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा उपयोग फारसा होत नाही.

मधल्या काळात नातेवाइकांकडून सल्ले यायचेच. एकीनं दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करून घ्यायला सांगितलं. झिजेच्या गुडघ्यावर त्या साफसफाईचा उपयोग होत नाही, हे २००२ सालीच अमेरिकेत १८० रुग्णांवर तपासून झालेलं आहे. ज्यांना नुसती चीर देऊन टाके घातले त्यांनाही तेवढंच बरं वाटलं. सांधा बदलण्याचंही एकानं सुचवलं. २०१७ साली सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातल्यापासून ती शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा आवाक्यात आली आहे, आणि सांधा पूर्ण गेलेल्यांना ती नवं आयुष्य देते. पण मॅडम म्हणाल्या, "दोन नंबरला नको. आणि ज्यांना करावी लागते त्यांनीही मांडीची ताकद आणि मनातली भीती यांवर आधी काम करावं." गुडघा बदलल्यावरही साधारण पाचातल्या एकाचं दुखणं राहतं, आणि आधीपासून दुखण्याची धास्ती जास्त असलेल्यांत ते अधिक राहतं, हे ऐकून मला माझ्या त्या रात्रीच्या विचारांची आठवण झाली.

काही महिन्यांनी त्याच चाचण्या पुन्हा झाल्या. खुर्चीच्या चाचणीत बाराचा आकडा ओलांडला. चोवीस प्रश्नांच्या उत्तरांत सर्वांत जास्त फरक जिन्याच्या आणि झोपेच्या प्रश्नांत पडला. मी समोर बघून, एका हातानं कठडा धरून जिना उतरते आणि दुपारी घरी जेवायला जाते. भजनाला जाते, मात्र खुर्ची घेऊन. मांडी घालता येत नाही. ती येईलच असं कुणी म्हटलेलं नाही. पावसाळी हवेत गुडघे जड होतात आणि सकाळी थोडा वेळ आखडतात. एक्स-रे पुन्हा काढायचा का विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "काढला तरी दोनच येईल."

गेल्या दिवाळीपासून अक्कांचे गुडघे मात्र फार दुखायला लागले आहेत. धाकट्या दिरांच्या आजारपणानंतर शेत वाट्यानं दिलं, अक्कांचं रानात जाणं थांबलं, मुलगा पुण्याला गेला, घरात त्या एकट्या. रात्री झोप नाही म्हणतात. गावच्या डॉक्टरांनी नवा फोटो काढला. मी तो दोन वर्षांपूर्वीच्या फोटोशेजारी ठेवून बघितला, मॅडमनाही पाठवला. दोन्हींत काहीच फरक नाही. चार नंबर तेव्हाही होता, आताही आहे. मी त्यांना महिनाभर साताऱ्याला येऊन राहा म्हणून मागे लागले आहे. खालच्या खोलीत राहायची सोय केली आहे, मॅडमची वेळ घेतली आहे, घोट्याला बांधायच्या पट्ट्याही आहेत. अक्का म्हणतात, "माघवारी होऊ दे, मग बघू." त्या स्वतः जाणार नाहीत, दिंडीतल्या बायकांची भाकरी-चटणी बांधून द्यायची आहे.